काशीचा नंबर

मंगळवार, संध्याकाळ. यांना जाऊन पंधरा दिवस.

भाऊजी शेळीपालनाचं शिबिर करून आलेत. दोन-दोन शेळ्यांपुढे पेंडीचं एकच घमेलं ठेवायचं आणि कोण कोणाला ढकलते ते वहीत लिहायचं. आमची काशी सगळ्यांशी हरली. "वैनी, तुमची म्हातारी शेवटच्या नंबरला हाय. उद्या सिरसाळ्याच्या बाजारात देऊन टाकू."

हे गेल्यापासून काशीने पेंडीला तोंड लावलेलं नाही. भूक नाही, म्हणजे हरली? एका घमेल्यावर नंबर लावायचा?

यांनी कधी घमेलं ठेवलं नाही. संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी उभं राहून कोण कोणाला वाट देते, तेवढं बघायचे.

उद्या बाजारात न्यायची म्हणून आज भाऊजींनी काशीला बाहेरच बांधलं. मग एकही शेळी आत जाईना. ओरडून भाऊजींचा घसा बसला. मी जाऊन दावं सोडलं. घमेल्यावर तिला ढुशी देणारी बांडी शेळीसुद्धा मागे सरली. काशी आत गेली, तिच्यामागे बाकीच्या.

"हे पण लिहा वहीत, भाऊजी," मी म्हणाले. ते वही खिशात घालून निघून गेले.

दावं माझ्याकडेच ठेवलंय. उद्या मागू देत.