बंदरगल्लीतले शेवटचे कापडदुकान

मी, आग्नेटे बुंडगोर, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा कापडविक्री, राहणार बंदरगल्ली क्रमांक नऊ, लेमविग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. इतर लोक हे वाक्य रिवाज म्हणून लिहितात. माझ्या बाबतीत सगळे भांडण त्यावरूनच आहे, म्हणून पुन्हा लिहिते: माझे चित्त ठिकाणावर आहे.

कलम १. तळमजल्यावरचे दुकान, वरचे घर आणि बँकेतली शिल्लक मी मच्छीमार बायकांच्या शिवणमंडळाला देते. त्या नऊजणी दर मंगळवारी संध्याकाळी माझ्या मागच्या खोलीत शिवायला बसतात. छप्पर गळते, ते आधी दुरुस्त करावे.

कलम २. दुकानातले लांब काउंटर आणि त्याला ठोकलेली पितळी मीटरपट्टी कोणी हलवू नये. त्या काउंटरखाली माझे बालपण गेले. शनिवारी खेड्यांवरून बायका येत, मला त्यांचे फक्त बूट आणि घोटे दिसत. वडील ठाण उलगडत, ते फळीवर आपटत पालथे होई आणि माझ्या डोक्यावर धपधप वाजे. मग कात्रीची एक चीर, आणि उरलेले सुती कापड वडील हातानेच टर्रकन फाडत. चिंध्या माझ्या. वसंतात चर्चमधल्या दृढीकरणासाठी, म्हणजे वयात येताना मुले आपली श्रद्धा पक्की करतात त्या विधीसाठी, गावातल्या सगळ्या मुलींचे पांढरे कापड आमच्याच एका ठाणातून जाई.

तेव्हा या गल्लीत पाच कापडदुकाने होती. आता बायका येतात, कापड बोटांत चुरगाळून पाहतात, किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढतात आणि घरी जाऊन फोनवरून दुसरीकडे मागवतात. चार दुकानांच्या जागी सुट्टीसाठी भाड्याची घरे झाली. मला फार उशिरा लक्षात आले, की त्यांतल्या दोन दुकानांचे म्हातारे मालक दुकान विकले जाण्याआधी एकाएकी विसराळू झाले होते.

कलम ३. समोरच्या दुकानाची माजी मालकीण कर्स्टीने रोसेनवोल हिला मी काहीही देत नाही, कारण ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. तिने माझ्या मखमलीला पाणी लागले आहे असे गावभर सांगितले होते. लागले होते, पण सांगायची गरज नव्हती. त्यावरून आम्ही बावीस वर्षे बोललो नाही. या एप्रिलमध्ये ती वृद्धाश्रमातून काठी टेकत आली आणि म्हणाली, "तुझा चष्मा सापडेनासा झालाय ना गं?"

मी म्हटले, "तुला कुणी सांगितलं?"

"माझाही असाच हरवायचा. मग फ्रिजमध्ये सापडायचा. मग लेक डॉक्टरांना सांगायचा, आईचं काही खरं नाही. तीन दिवस विश्रांतीला चल म्हणाला. मी छोटी बॅग भरली. सहा वर्षं झाली."

माझा चष्मा फ्रिजमध्येच सापडला होता.

कलम ४. माझी भाची मालेने. फेब्रुवारीत मी बर्फावर घसरले, तेव्हापासून ती मदतीला येते आणि तिच्याकडे किल्ली आहे. तिचा दृढीकरणाचा पोशाख मी शिवला होता. माप घेताना तिला गुदगुल्या व्हायच्या. त्यामुळे संशय घ्यायला मन धजेना. विजेची शेगडी दोनदा लाल तापलेली सापडली, तेव्हा मी स्वतःलाच घाबरले. कर्स्टीनेला विचारले, "माझंच डोकं फिरलं असेल तर?"

तिने लोकरीचे ठाण माझ्यापुढे टाकले. "पट्टीला हात लावायचा नाही. पावणेतीन मीटर काप." मी कापले. तिने मोजले, पुन्हा मोजले. "मेलीचा अंदाज अजून माझ्यापेक्षा चांगला आहे," ती म्हणाली.

गेल्या बुधवारी मी शेगडीच्या दोन बटणांना मिळून कच्च्या टाक्याचा, बटण फिरवताच तुटेल असा पांढरा दोरा बांधला आणि खाली दुकानात गेले. मालेने वर जाऊन माझे कपडे आवरून आली.

"जाते गं आत्या. औषध घे हं, विसरशील."

मी वर गेले. दोरा तुटला होता. शेगडी लाल होती. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ ती बंदसुद्धा केली नाही.

मालेनेला मी तो तुटलेला दोरा देते. तो पाकिटात घालून या कागदाला जोडला आहे. दुसरे काही नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

कलम ५. येत्या गुरुवारी मालेने मला तीन दिवसांच्या तपासणीला नेणार आहे. मी नको म्हटले, तर ती माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाली, "आत्या, मी सही करून बसलेय. आता हट्ट करू नकोस." कशावर सही, ते तिने सांगितले नाही. म्हणून लिहिते: आजच्या नंतरच्या तारखेचा माझा कोणताही कागद पुढे आला, तर सही कितीही माझी दिसो, तो माझा समजू नये.

कर्स्टीने खिडकीपाशी उभी आहे. ती आत्ताच म्हणाली, "आग्नेटे, तिची गाडी आली. बरोबर आणखी दोन माणसं आहेत."

आज मंगळवार आहे, गुरुवार नव्हे. पुढची कलमे लिहायला वेळ नाही. दुसरा साक्षीदार, मासळीविक्रेता योर्गन, हा कागद घेऊन मागच्या दाराने वकिलाकडे जाईल.

सही: आग्नेटे बुंडगोर

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत तिने सही केली. ती पूर्ण भानावर आहे. तिचा हात कापत नव्हता.
साक्षीदार: कर्स्टीने रोसेनवोल
साक्षीदार: योर्गन टॉफ्ट, मासळीविक्रेता

लेमविग, मंगळवार, १४ मे २०१९, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. खाली दाराला किल्ली लागली आहे.