तेल्हाऱ्याचा बंद पडलेला संवेदक

तेल्हारा,
मे २००९

प्रिय बंडूभाऊ यांस,

हसनैनचा आदाब आणि नमस्कार, दोन्ही. (सकाळी वाचाल तर एक घ्या, संध्याकाळी दुसरा.) अमरावतीत तुम्ही, वहिनी आणि सोहम खुशाल असाल. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे ऊन असं की नळाच्या पाण्याने हात भाजतात.

पत्रास कारण तुमच्याच सहीचं पत्र. ‘तेल्हारा शाखेचं वीजबिल दुप्पट झालं आहे. संगणक कक्षातील तापमान-संवेदक नादुरुस्त दिसतो. तो काढून ई-कचऱ्यासोबत मुख्यालयात पाठवावा.’ भाऊ, नव्या साहेबांनी कागद पुढे केला आणि तुम्ही न वाचता सही ठोकली, हे मी ओळखलं. कारण तो संवेदक म्हणजे आमचे अब्बा, हे मुख्यालयात एकट्या तुम्हालाच ठाऊक, आणि त्यांच्या जनाज्याला तुम्ही स्वतः खांदा दिला आहे.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. हल्ली अब्बांबद्दल ऐकून घ्यायला माणूस मिळत नाही. अब्बांनी जन्मभर कापूस पिंजून रजया भरल्या आणि तोच कापूस त्यांच्या छातीत जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात गार, बिनधुळीच्या जागी ठेवा. तेल्हाऱ्यात तशी जागा एकच, आपल्या कापूस सोसायटीची संगणकाची खोली. (मशीन एसीत, आणि बुडालेल्या पिकाचे अर्ज घेऊन आलेली माणसं बाहेर उन्हात, ही आपली व्यवस्था.) मी अब्बांना आत कोपऱ्यात खुर्ची दिली. पण तेव्हाच्या साहेबांच्या हुकमाने एसी कायम अठरावर, म्हणून त्यांनी घरून रजई आणली. मे महिन्यात रजई पांघरलेला माणूस बघायला अर्धा गाव काचेला नाक लावून उभा राहायचा. तेवढ्यात मुख्यालयातून हरित संगणनाचं फर्मान आलं की वीज वाचवा, उपाय कळवा. मी उपाय केला तो एवढाच: अब्बांनी रजई ओढली की एसी बंद, रजई लाथाडली की चालू. संगणकांनी एकदाही तक्रार केली नाही. बिल निम्म्यावर आलं. तुम्ही तपासणीला आलात, हसून हसून डोळे पुसलेत आणि रकान्यात लिहिलंत, ‘स्थानिक बनावटीचा संवेदक, नग एक’. शाखेला वीजबचतीची मानाची ढाल मिळाली. ती अब्बांनी रजईत गुंडाळून घरी नेली आणि अम्मीच्या हातात दिली.

संवेदकात दोष एकच होता. एकदा अर्जाच्या रांगेत एका बाईला भोवळ आली. आमच्या शिपाई तानुबाईंनी तिला आत आणलं, तर अब्बा खुर्ची तिला देऊन स्वतः व्हरांड्यात धापा टाकत बसले. मी रागावलो. तर अब्बा तानुबाईंना म्हणाले, “याले सांगा बाई, मशीन जागा सोडत नाही, माणूस सोडते.”

जानेवारी लागताच अब्बा गेले. आता एसी दिवसभर अठरावर चालतो. गार झालं हे सांगणारं कुणी नाही, आणि त्या बटणाला हात लावायला माझा जीव धजत नाही. फार आठवण येते, भाऊ. खुर्ची आणि रजई अजून तिथेच आहेत. वर काय कळवायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
हसनैन

ता. क. ई-कचऱ्यात दोन जुने मॉनिटर पाठवतो आहे. संवेदक पाठवता येत नाही.

दुसरा ता. क. खरं काम हे. इद्दतीचे, नवऱ्यामागे घरात बसायचे, चार महिने दहा दिवस संपल्यापासून अम्मी रोज दुपारी अब्बांचा चहा घेऊन काचेपर्यंत येते, खुर्चीकडे बघते आणि परत जाते. बाहेरच्या माणसाला आत बसवायची आता मनाई आहे. तेव्हा ‘बदली संवेदक, नग एक’ एवढी मंजुरी साहेबांकडून मिळवा. काल तानुबाईंनी तिला विचारलं, “भाभी, गरमी होऊन राहिली काय?” तर म्हणाली, “मले आता ना गरमी समजत, ना थंडी.” म्हणजे संवेदक म्हणून उपयोग शून्य, हे आधीच लिहून देतो. एसीचं बटण माझं मी बघेन. मंजुरी तेवढी आणा, चहा रोज निवून परत जातो.