वहिनीच्या हातची रोपं

१० सप्टेंबर १९९८
गादीवाफ्यावर टोमॅटो-वांग्याचं बी टाकलं. म्हणजे आईने टाकलं. "तू पाणी आण गं, मोहिनी." वहिनी आणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही – म्हणून आमच्या म्हसरूळच्या परसात पेरायला तिचा हात नको! घरातली पहिली पदवीधर मी, आणि गप्प उभी राहिले.

२१ सप्टेंबर
घट बसले. मातीत धान्य पेरायला आईने शेजारच्या झुंबरबाईंना हाक मारली. वहिनी दारातच. मग मलाच म्हणाली, "ताई, तोंड कशाला पाडता? मला सवय हाय."
सवय! याचाच राग येतो.

६ ऑक्टोबर
रोपं वीतभर झाली. आता हलवायलाच हवीत, नाहीतर नुसती उंच आणि लेचीपेची होतील. आईला सांगून टाकलं – लावणी वहिनी करणार.
आई लसूण सोलत होती. "नाय जगली, तर बोल कुणाला लागंल? तुला का तिला?"
"जगतील!"
दादा दिंडोरीला, द्राक्षांच्या छाटणीवर. असता तरी मधे पडला नसता.
शेवटी लसणाची सालं झटकत आई म्हणाली, "कर तुझ्या मनासारखं."

८ ऑक्टोबर
लावली! वहिनीने एकेक रोप मुळांच्या मातीसकट उचललं, खळग्यात ठेवलं, बोटांनी हलकेच दाबलं. काहीतरी पुटपुटत होती.
"काय सांगताय त्यांना?"
"शेजारणीशी भांडू नका म्हनलं!"
किती दिवसांनी अशी हसली.
रोपं ऊन उतरल्यावर लावायची, हे मला माहीत होतं. पण सकाळी कुंपणापलीकडच्या नळावर बायका असतात, म्हणून सकाळीच लावायला लावली. सगळ्यांनी बघावं, असं वाटलं मला.

१० ऑक्टोबर
हे ऑक्टोबरचं ऊन! बरीच रोपं माना टाकून. काही पार वाळली.
झुंबरबाई कुंपणावरून – "अगं बाई! मोहिनीनं लावली व्हती ना?"
"चूक माझी आहे! चढत्या उन्हात मीच लावायला लावली!" मी ओरडलेच. त्यांनी नुसती मान हलवली. ऐकायचं ते त्यांनी आधीच ऐकलं होतं.
वहिनी दिवसभर परसात फिरकली नाही. जेवलीही नाही. तिच्यासाठी करायला गेले आणि तिच्याच माथी मारलं!
गादीवाफ्यावर थोडी रोपं उरली आहेत. उद्या उजाडताच, वहिनी उठायच्या आत, मेलेल्यांच्या जागी मीच लावणार.

११ ऑक्टोबर
उठून गेले, तर परसात आई. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलात – शेवटचं रोप लावत होती. मला बघून ओठांवर बोट ठेवलं.
ऊन आल्यावर तिनेच कुंपणाशी जाऊन हाक मारली – "झुंबरबाई, या, बघा! आमच्या मोहिनीच्या हातचं एकबी मेलं नाय!"