मागच्या खोलीतल्या चक्कीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, तिखट दळून विकणारा, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, गल्लीत 'कानवाले' या नावाने ओळखला जाणारा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. हात कापतो तो वयाने. हे मृत्युपत्र मी कुणाच्या धाकाने, गोड बोलण्याने किंवा रुसव्याने लिहीत नाही. वकिलांनी मागे एक मसुदा करून दिला होता. भाषा उत्तम होती, पण त्यात मी कुठेच सापडत नव्हतो, आणि चक्की मुलाला दिलेली होती. तो मी रद्द करतो.

कलम १. राहते घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची खोली आणि अंगण, माझ्या पश्चात सुनेच्या मालकीचे होईल. मुलाला त्यात आयुष्यभर राहण्याचा हक्क राहील. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. वाटलेच तर कलम चार वाचून मग वाटून घ्यावे. बँकेतली ठेव दोघांत निम्मी निम्मी, त्यात बोलण्यासारखे काही नाही.

कलम २. लोखंडी खलबत्ता मुलाला. आमचा धंदा त्यातून निघाला. मी गोदामात पोती उचलायचो आणि फुटक्या पोत्यातली मिरची घरी आणायचो. बायको देठे खुडायची, मिरची उन्हात कडकडीत वाळवायची, कढईत थेंबभर तेलावर परतायची आणि कुटायची. मी दारोदार विकायचो. बोलण्यात मी पहिल्यापासून बरा. लोक म्हणतात, मी शून्यातून उभा राहिलो. शून्यात आम्ही दोघे होतो, उभा एकटा राहिलो, एवढी दुरुस्ती इथे नोंदवतो.

कलम ३. शेजारच्या शिंप्याशी असलेले माझे भांडण मिटले असे मी जाहीर करतो. खलबत्ता जाऊन चक्की आली तेव्हा मिरचीचा खकाणा खिडकीतून थेट त्याच्या दुकानात जायचा. तो दारात येऊन म्हणाला, "अहो कानवाले, माझ्याकडे माप द्यायला आलेलं माणूस रडत बाहेर पडतं. लोकांना वाटतं मी शिलाई फार सांगितली."

मी म्हणालो, "मग बिनमिरचीचं जेवा."

"तसं नाही हो. माझी मागची पडवी मोकळी आहे, वाऱ्याची आहे. तिथे दळा. वहिनींनाही बरं पडेल."

मला वाटले, याचा आमच्या मिरचीच्या मेळावर डोळा आहे. कुठली मिरची रंगाला, कुठली चवीला, हे पडवीत बसून उचलेल. मी आत जाऊन मागच्या खोलीच्या खिडकीला खिळे ठोकले आणि फटींत चिंध्या कोंबल्या. गल्लीचा ठसका बंद झाला. सगळे म्हणाले, माणूस समजूतदार आहे. शिंप्याशी मात्र मी बावीस वर्षे बोललो नाही. तो साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही, साक्षीदाराला दिलेले कायद्यात टिकत नाही म्हणे. म्हणून त्याला फक्त ही कबुली: त्याचे बरोबर होते.

कलम ४. चक्कीबाबत.

माझे कान तिखट आहेत ही गोष्ट गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. चक्कीच्या आवाजावरून मी सांगायचो, मिरची सादळलीय, देठ राहिलाय, चाळणी सैल झालीय. पण पूड किती बारीक झाली हे मी चक्कीवरून ओळखत नव्हतो. जाड असताना बायको शिंकायची. मध्यम झाली की घसा खाकरायची. अगदी बारीक झाली की खोकला छातीतून यायचा, तीन आखूड आणि एक लांब. मग मी दाराबाहेरून ओरडायचो, "झालं, उतरव."

हे मी दुकानात विनोद म्हणून सांगायचो. लोक हसायचे. तीही हसायची. एकदा आतून म्हणाली, "बाहेर उभं राहून ऐकता काय नुसतं? आत या की."

मी म्हणालो, "आत आलो तर खकाण्याने कान बिघडतील. मग धंदा कोण करणार?"

तेव्हाही ती हसली, आणि हसता हसता खोकली, आणि मी म्हणालो, "झालं बघ, उतरव."

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी खोकला आला नाही. चक्की फिरत होती. मी म्हणालो, "अजून जाड आहे, फिरव." थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणालो. खोकताना छातीत कळ यायची म्हणून ती तोंडात पदराचा बोळा धरून बसली होती, हे मला दार उघडल्यावर कळले. त्या दिवसाचे तिखट आमच्या धंद्यातले सर्वांत बारीक. गिऱ्हाइकांनी नावाजले. चार महिन्यांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, मिरचीने माणूस मरत नाही, पण कच्च्या छातीला कोंडलेली खोली म्हणजे विष.

तेव्हापासून दुपारी चक्की बंद असली की मागच्या खोलीत खोकला येतो. तीन आखूड, एक लांब. मुलाला सांगितले तर म्हणतो, "बाबा, पत्रा तापला की वाजतो." पत्रा मी बदलला. कानांत कापूस घातला, तर जास्त स्वच्छ ऐकू आले. कान डॉक्टरांनी तपासले. या वयात एवढे निरोगी कान त्यांनी पाहिले नव्हते म्हणे. मी दाराबाहेरून विचारलेही, "काय गं, काय हवं?" मी 'उतरव' म्हणायची वाट पाहावी तशी ती थांबते आणि मग पुन्हा सुरू होते. मला भीती वाटत नाही. ओळखीचे माणूस आहे. झोप मात्र लागत नाही.

गेल्या महिन्यापासून खोकला चक्की चालू असतानाही ऐकू येऊ लागला. मला वाटले, हिने वेळ बदलली. पण हा खोकला निराळा: दोन आखूड, मग काहीच नाही, जसे कुणी तोंडावर हात ठेवावा. चार दिवस ऐकले तेव्हा उलगडा झाला. बायकोमागे गडी ठेवला होता, चार वर्षांपासून सून दळते. आणि दाराबाहेर मुलगा उभा असतो. तो म्हणतो, "झालं, उतरव." माझाच आवाज, माझाच सूर. त्याला कुणी शिकवले नाही. तो लहानपणापासून माझ्या बाजूला उभा राहून शिकला.

म्हणून चक्की मुलाला मिळणार नाही. ती सुनेची. चालवायची, विकायची की भंगारात घालायची, ते तिने ठरवावे. कुणीही, नातलग असो वा

इथे लिहिणे थांबवून मी उठलो, कारण आत चक्की सुरू झाली आणि ते दोन खोकले ऐकू आले. वकील सांगतात की मृत्युपत्र माझ्या पश्चात लागू होते. तोवर ती छाती थांबणार नव्हती.

मुलगा पुढे गिऱ्हाईक करत होता. मी अंगणाच्या दाराने मागच्या खोलीत गेलो. सून डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला आलात? अजून जाड आहे, हे म्हणाले फिरव."

"तू बाहेर जा. अंगणात बस. पाणी पी."

"आणि हे दळण?"

"मी बघतो. आयुष्यभर ऐकलंय, आता करून बघतो."

ती गेली. मी दार लावले आणि पाटावर बसलो. पहिल्या मुठीला शिंकलो. दुसऱ्या फेऱ्यात घसा सोलून निघाला. डोळे मिटले तरी आग आतून येत होती. मग छातीतून खोकला आला आणि थांबेना. माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, तीही खोकत होती. आम्ही दोघे एका तालात खोकत होतो.

दाराबाहेरून मुलगा म्हणाला, "झालं, उतरव."

मी उतरवले नाही. खोकत राहिलो. तो पुन्हा म्हणाला, "अगं, झालं म्हणतोय ना." मग दार उघडले. त्याने मला पाहिले, अंगणाचे दार ढकलून पायरीवर बसलेल्या बायकोला पाहिले, आणि चक्कीचे बटण बंद करायला त्याचा हात भिंतीवर दोनदा चुकला.

"बाबा, मला वाटलं ती आहे."

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हणालो.

तो अंगणात गेला. सुनेला काय म्हणाला ते मी ऐकले नाही. ऐकू येत होते, पण ऐकले नाही. नंतर दोघे डॉक्टरांकडे गेले. चक्की आजपासूनच तिची, माझ्या पश्चात नव्हे, असे सांगून किल्ली मी तिच्या हातात दिली आहे. ती म्हणाली, "विचार करून सांगते." कितीही दिवस घ्यावेत. तोवर दुकान बंद.

कलम ५. माझ्यामागे मागच्या खोलीत कुणाला खोकला ऐकू आला तर घाबरू नये आणि दाराबाहेर उभे राहू नये. आत जाऊन शेजारी बसावे.

हे मी वाचून, समजून, स्वतःच्या हाताने लिहिले आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. दिनांक: चौदा मार्च, सायंकाळी सहा.

(सही) कानवाले

साक्षीदार १: डॉक्टर. सही करताना कानवाले खोकत होते, बुद्धी ठिकाणावर होती. सुनेची छाती आज तपासली. वेळेत आली आहे.

साक्षीदार २: शिंपी, शेजारी. कलम तीन वाचले. पडवी अजून मोकळी आहे.