कोपऱ्यात दम राहत नाही

बाबा, माझ्या हातानं मी आजवर केलेल्या वस्तू सांगतो. सागाच्या खुर्च्या, ज्यांच्या एकाही सांध्यात खिळा नाही. शाळेचे बाक. आपल्या घराचं दार. शिसवीचा गुण्या, जो अजून काटकोनातून केसभर हललेला नाही. आणि तो फळा, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत 'पोट्ट्याचा खेळ' म्हणालात.

फळ्याचं नीट सांगतो, कारण तुम्ही तेव्हा अर्धंच ऐकलंत. दहावीनंतर मराठी शाळा संपली, पुढचं सगळं तेलुगूत. आदिलाबादच्या रद्दीवाल्याकडून मी इंटरचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, गणिताचं जुनं पुस्तक आणलं. अक्षरं अडखळत लागायची, पण आलेखाला भाषा लागत नाही. त्यातलं एक प्रकरण मी कोणी न शिकवता शिकलो आणि त्याचा फळा केला. सागाच्या फळीवर बारीक करवतीनं आडव्या-उभ्या रेघा पाडल्या. आडव्या अंगाला खुर्च्या मोजायच्या, उभ्या अंगाला दाराच्या चौकटी. खुर्चीला एक घनफूट लाकूड आणि दोन दिवस, चौकटीला दोन घनफूट आणि एक दिवस. डेपोतून महिन्याला चौदा घनफूट लाकूड मिळायचं आणि तुमचे सोळा दिवस हाताशी असायचे. म्हणून एक दोरी लाकडाची ताणली, एक दिवसांची. दोन्ही दोऱ्यांच्या आत जे येतं ते आपल्याच्यानं होतं, बाहेरचं होत नाही. मग नफ्याची पट्टी तिरपी धरून, तिरपेपणा न मोडता, शून्यापासून दूर सरकवत न्यायची. सगळ्यात शेवटी ती जिथं टेकते तिथं नफा सगळ्यात जास्त. ती टेकली दोन्ही दोऱ्या एकमेकींना छेदतात त्या कोपऱ्यावर. सहा खुर्च्या, चार चौकटी.

तुम्ही रंधा खाली ठेवून आलात. मला अजून दिसतं, भुसा तुमच्या भुवयांवर आहे.

"अन् आपुन आता कोठी हाओ?"

मी पाच खुर्च्या आणि तीन चौकटींवर खिळा ठेवला. दोऱ्यांच्या बराच आत.

"मंजे आपुन मंधात हाओ. बरं हाये की. मंधात सावली रायते."

"बाबा, तीन दिवस अन् तीन फूट लाकूड वाया जाऊन राह्यलं."

"वाया काऊन बे? मिरगात कोणाची तिफन मोडली त त्याले काय सांगू, थांब बापू, मी कोपऱ्यात हाओ?" मग दाराकडे बोट दाखवलंत. "उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं दार पावसाळ्यात फुगते, मंग उघडत नाही. दाराले दम ठेवा लागते, फुगाले जागा. तुया कोपऱ्यात दम कोठी हाये?"

मी म्हणालो, दम गणितात मांडता येत नाही. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. "कर मंग तुया मनानं एक महिना," एवढंच.

तो महिना मृगाचा निघाला. सहा खुर्च्या, चार चौकटी, सगळ्या इंद्रवेल्लीच्या बाजारात गेल्या. पट्टीनं सांगितला तेवढाच नफा हातात आला. गणित चुकलं नव्हतं, हे मी आजही सांगतो. दोन दिवसांनी नार्नूरच्या वाटेनं एक शेतकरी खांद्यावर तिफण घेऊन आला, दांडी मधोमध मोडलेली. "मिस्त्री, ओल जाऊन राह्यली," तो म्हणाला आणि दारातच बसला. आपल्याकडे हातभर लाकूड नव्हतं, डेपो बंद होता. तुम्ही आत गेलात, आपली खाट उलटी केलीत, नवार सोडलीत आणि तिचा लांब दांडा काढून त्याची तिफण उभी केलीत. पैशाचं त्यानं विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. मिरगातल्या तिफणीचं कोणी विचारत नसे.

रात्री जमिनीवर जाजम पसरताना म्हणालात, "कोपरा बराबर होता लेका. फकत आपली खाट गेली."

पुढच्या महिन्यात मी खाटेसाठी नवा दांडा तासायला घेतला, तर तुम्ही हातातून काढून घेतलात. म्हणालात, हे लाकूड तिफणीचं, मिरग जाऊ दे. मिरग गेला, मग पोळा आला, मग आणखी कोणाचा तरी मोडका वखर आला. दोन पावसाळे तसेच गेले, आणि तुम्ही गेलात ते जमिनीवरूनच. तुम्हाला उचललं तेव्हा तुमच्या पाठीला जाजमाची ओल होती.

आता तिफणी येत नाहीत, बाबा. पेरणीला ट्रॅक्टर येतो. तरी दर महिन्याला मी तीन फूट लाकूड भिंतीला उभं करतो आणि तीन दिवस कोणाला देत नाही. ते लाकूड कोणी मागितल्याला किती वर्षं झाली, ते मला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. गेल्या आठवड्यात नागपूरचा एक फर्निचरवाला आला होता. त्याला माझे सगळे दिवस हवे होते आणि सगळं लाकूड, बारा महिने. मी फळा काढला, दोऱ्या ताणल्या, पट्टी सरकवली. ती बरोबर कोपऱ्यावर टेकली. मी त्याला नाही म्हणालो. महिन्याला नऊ हजार रुपये देत होता.