वाजवी भाडं आणि तिऱ्हाईत माणूस

८ नोव्हेंबर १९८३, सकाळी
देवस्थानची नोटीस आली. घर माझं, पण खालची जमीन देवाची. तिचं भाडं वर्षाला बारा रुपये होतं, ते आता साठ. साठ! देवाला असं काय कमी पडलं? हे रिझनेबल नाही. कचेरीत इतकी वर्षं कारकुनी केली, मला कळतं. सगळी गल्ली एक करणार.

९ नोव्हेंबर
कृती समिती स्थापन. अध्यक्ष मी. शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या, भावजी, तुमी म्हणसाल तसं. ही म्हणते, समितीच्या चहातच साठ रुपये जातील. बायकांना तत्त्व कळत नाही.

१२ नोव्हेंबर
ट्रस्टचे किशनराव म्हणाले, कोर्टकचेरी कशाला? तिऱ्हाईत माणूस बसवू, तो म्हणेल ते भाडं सगळ्या गल्लीला. मी लगेच नाव सुचवलं: ताडकळसचे रायभानराव. आमच्या सुमनचं त्यांच्या मुलाशी जमल्यातच जमा आहे, फक्त सुपारी फुटायची राहिलीय. किशनरावांना हे कुठं ठाऊक! होणारा व्याही माझ्याविरुद्ध कसा जाईल? डोकं लागतं. निवाडा मान्य, असं गल्लीतर्फे लेखी देऊन आलो.

१५ नोव्हेंबर
हिला सांगितलं, रायभानरावांना जागेची एकूण एक खोट दाखवायची, म्हणजे भाडं उतरेल. भाकरी थापायची थांबली. म्हणाली, सोयऱ्यापुढं घराची लाज काढणार तुमी? म्हटलं, लाज नाही, फॅक्ट.

२० नोव्हेंबर
रायभानराव आले. मागं तुंबलेलं पाणी दाखवलं, कललेली भिंत दाखवली, सापाचं बीळसुद्धा दाखवलं. (साप पोरांनी मागंच मारला, ते बोललो नाही.) ते आपले दर वेळी, "वा! लय झ्याक." पोलाइट माणूस. वर पुरणपोळी खाऊन गेले. केस जिंकल्यात जमा.

२१ नोव्हेंबर, दुपारी
देवळात निवाडा. रायभानराव पागोटं सावरून उठले. म्हणाले, ह्या घरची लेक आमी सून म्हणून न्यायलोत. माह्या सोयऱ्याची जागा साठाची हाय म्हणलं तर ताडकळसात तोंड कसं दाखवू? शंभराच्या खाली बात न्हाई! आणि मला सगळ्यांदेखत मिठी मारली. किशनरावांनी पेढे मागवले.
हरकत घ्यायला उठलो. ही बायकांतून बघत होती. शेजारी सुमन. पोरीचा चेहरा बघवेना. बसलो.

२२ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. शंभर म्हणजे महिन्याला साडेआठसुद्धा पडत नाहीत. रिझनेबल आहे.

२५ नोव्हेंबर
सुपारी फुटली. सुमन हसली. जीव भांड्यात पडला.
संध्याकाळी कृती समितीची बैठक, दगडाबाईंच्या ओसरीवर. निरोप आला नव्हता, विसरले असतील. गेलो. दगडाबाई म्हणाल्या, या भावजी, तुमच्यावरच ठराव हाय: साऱ्या गल्लीची भाडेवाढ अध्यक्षानं भरायची. एकमतानं पास झाला.
अध्यक्ष म्हणून सही मीच केली.