जपानहून आणलेली डबी

मयूर विहार, दिल्ली
१३ नोव्हेंबर २०२२

प्रिय आशू,

या पानांचे फोटो काढून आजच तुला पाठवणार आहे, आणि कागद कुरिअरने. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला अंगठा पाठवतोस, आणि जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडून निघालंही नसतं. फोटो उघडलेस तर शेवटपर्यंत वाच. मध्येच चिडलास तरी वाच.

तुला जे माहीत नाही ते आधी लिहिते. बाबांच्या उजव्या फुप्फुसात गाठ आहे. ऑगस्टमध्ये कळलं, तेव्हाच ती पसरलेली होती. तुला मी ‘खोकला आहे’ एवढंच कळवलं, कारण बाबांनी बजावलं होतं, “आजाराचं सांगून त्याला बोलवायचं नाही. यायचं तर आपणहून येईल.” गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता औषधं फक्त त्रास कमी करण्यापुरती. दिवाळीनंतरची इथली हवा तुला ठाऊक आहे. खिडक्यांच्या फटींना मी ओले टॉवेल लावलेत, हॉलमध्ये ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरत असतं, आणि तरी जिन्यापर्यंत चालत जायचं तर बाबा दोनदा भिंतीला टेकतात.

तुझ्या लहानपणीचे बाबा आठवतात मला. सरकारी नोकरी सोडून ते गुडगावच्या कंपनीत गेले तेव्हा तू पहिलीत होतास. तिथे तेव्हा काचेच्या चार इमारती आणि भोवती मोहरीची शेतं. मोठ्या साहेबांशी बोलायचं तर गच्चीवर, सिगरेट ओढत. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला इंग्रजीत जे बोलता येत नव्हतं, ते त्या धुरात जमून जायचं. हा फ्लॅट, तुझं कॉलेज, सगळं त्या नोकरीतून उभं राहिलं, आणि सिगरेटही त्याच नोकरीबरोबर घरात राहायला आली. निकोटिनचं च्युइंगम झालं, पट्ट्या झाल्या, माझ्या शपथा झाल्या. दिवसाला विसाच्या खाली बाबा कधी आले नाहीत.

मग २०१७ मध्ये तू जपानहून, नागोयाच्या तुझ्या नोकरीवरून येताना ती डबी आणलीस. पांढरी, हातात मावणारी, आत पेनासारखी नळी. तिच्यात तंबाखूची कांडी खोचायची. ती जळत नाही, नुसती तापते. तू जमिनीवर मांडी घालून बाबांना शिकवत होतास आणि बाबा शाळकरी मुलासारखे ऐकत होते. चार महिन्यांत सिगरेट सुटली. पडद्यांचा वास गेला. तुझ्या कंपनीतलं कोणी ना कोणी इकडे यायचं, त्यांच्याबरोबर तू कांड्या पाठवायचास. ते यंत्र निर्धोक होतं असं मी म्हणत नाही, तेव्हाही म्हणत नव्हते. पण बाबांची सकाळ खोकल्याशिवाय उजाडायला लागली होती.

आणि नेमकी ई-सिगरेट आणि अशा यंत्रांवर बंदी आणायची की नाही, याचीच फाइल आरोग्य मंत्रालयात माझ्या टेबलावर आली. कोणत्या देशात काय नियम आहेत याचा तक्ता मी केला, आशू. महिनाभर तेच करत होते. इंग्लंडमध्ये सिगरेट सोडू पाहणाऱ्याला डॉक्टरच वाफेचं यंत्र सुचवतात, त्यावर वेगळा करही नाही. ऑस्ट्रेलियात निकोटिनचा द्रव हवा तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. युरोपात प्रत्येक देशाचं वेगळं. कोणी द्रवावर मिलिलिटरने कर लावतो, कोणी तापवायच्या तंबाखूवर वजनाने. सिंगापूर आणि थायलंडमध्ये सरळ बंदी. जपानची गंमत अशी, की निकोटिनचा द्रव दुकानात विकता येत नाही, पण तापवायची कांडी उघड मिळते, सिगरेटपेक्षा कमी कराने, आणि तो कर ते टप्प्याटप्प्याने वाढवताहेत.  तो कर भरलेली कांडी आपल्या घरी कपाटात होती.

त्याच फाइलमध्ये मुख्याध्यापकांची पत्रं होती. आठवीतल्या मुली दप्तरात पेन ड्राइव्हसारखं यंत्र घेऊन येतात, आंब्याच्या वासाचं. ती वाचून मला बंदी पटली. आजही पटते. निर्णय वरचा होता, पण माझ्या टिपणात मीही तेच लिहिलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला. आणणं, विकणं, साठवणं, सगळ्याला शिक्षा. तापवायची यंत्रंही त्यातच आली. साधी सिगरेट मात्र आपल्या सोसायटीच्या गेटबाहेरच्या टपरीवर पूर्वीसारखीच मिळत होती.

ऑक्टोबरात एके दिवशी बाबा ऑफिसातून परतले ते चेहरा पडलेला. डबी बॅगेत नव्हती. राजीव चौकला गाडी बदलताना गर्दीत पडली असणार म्हणाले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मेट्रोच्या हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात गेले. बंदी आलेली वस्तू मागायची कशी, म्हणून मोबाइलचा चार्जर हरवला असं सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, “सर, चार्जर तो रोज़ पचास आते हैं, आप देख लो।” बाबा दोन तास पेट्या उपसत बसले होते. घरी येऊन म्हणाले, “कुमुद, पोराने एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू मला सांभाळता आली नाही.” नवी आणायची सोय उरली नव्हती. अकराव्या दिवशी ते टपरीवर गेले.

डिसेंबरात तू तीन आठवड्यांसाठी आलास आणि चौथ्या दिवशी निघून गेलास. जाताना तू जे बोललास त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. “हरवली म्हणे! बाबा, तुम्हाला सोडायचीच नव्हती. निदान खोटं तरी नीट बोला.” बाबांनी मान खाली घातली. “चुकलं रे माझं,” एवढंच म्हणाले. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले. मग कोविड आला, तुमच्याकडच्या सीमा बंद झाल्या, आणि उघडल्या तरी तू आला नाहीस.

आशू, डबी मेट्रोत पडली नव्हती. ती मी काढली होती. त्या सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा बॅगेतून काढून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ऑफिसला जाताना सरोजिनी नगरच्या बाजारात उतरून, मुद्दाम घरापासून लांब, कचऱ्याच्या ढिगात टाकली. तू डिसेंबरात सामानात कांड्या भरून येणार होतास. विमानतळावर माझा मुलगा पकडला जाईल, या विचाराने मला झोप लागत नव्हती. यंत्रच नसेल तर तू कांड्या आणणार नाहीस, एवढं साधं गणित. पण तेवढंच लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. ज्या बाईने ती फाइल हाताळली तिच्याच घरात ही वस्तू सापडली, असं कोणी म्हणेल याचीही मला भीती होती. सांगितलं असतं तर बाबांनी ती आपल्या हाताने टाकली असती. सांगायची हिंमत झाली नाही. आणि बाबा पेट्या उपसून आले त्यानंतर तर नाहीच. डबी असती तर ही गाठ झाली नसती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वीस-बावीस वर्षांचा धूर आहे, कोणालाच सांगता येणार नाही. म्हणजे मला कधीच कळणार नाही.

काल दुपारी मी बाबांना सांगितलं. त्यांच्या पायांना तेल लावत होते, चेहऱ्याकडे बघावं लागू नये म्हणून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मास्क बाजूला करून म्हणाले, “म्हणजे मी वेंधळा नाही!” आणि हसले. हसता हसता इतका खोकला आला की मी घाबरले. श्वास परत जाग्यावर आल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, “आशयला सांगितलंस?” मी नाही म्हटलं. “मग लगेच लिही. तो मला खोटारडा समजून बसलाय. मी गेल्यावर त्याला हे कळलं, तर त्याला ते झेपणार नाही.”

म्हणून हे पत्र. तुला बोलवायचं नाही हा त्यांचा हट्ट मी आता मोडतेय. डॉक्टर आठवडे म्हणतात, महिने म्हणत नाहीत. तिकीट आज काढ, आशू, उद्यावर टाकू नकोस. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, ते तुझं तू बघ, हवं तर कधीच नको. दार मी उघडेन. तू माझ्याकडे न बघता सरळ त्यांच्या खोलीत गेलास तरी चालेल. फक्त जा.

तुझीच,
आई